गोवर्धनाखालची भेग

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराच्या हवेलीत आमची कचेरी आली. दिवाणखान्याच्या भिंतीवर जुनं चित्र होतं: करंगळीवर गोवर्धन उचललेला कृष्ण आणि डोंगराला खालून काठ्या लावणारे गवळी. दर दिवाळीआधी छताला चुना द्यायला दौलताबादहून एक चाचा यायचे. शिडी लावताना कृष्णाला म्हणायचे, "जरा सरको, किशनजी." चित्रावर थेंब उडालाच, तर खांद्यावरच्या रुमालानं लगेच टिपायचे.

यंदा डोंगराखाली भेग पडली होती. चाचांनी ती लिंपली आणि त्या कोऱ्या जागेत स्वतःच एक माणूस रंगवला. मी भडकलोच. "चाचा, हे काय केलंत?"

"डोंगर लई जड हाय, साब. अजून एक हात लागला तर बरंच की."

मी जवळ जाऊन पाहिलं. नव्या गवळ्याला पांढरी दाढी होती, आणि डोंगराला त्यानं चुन्याचा कुंचा लावला होता.