आठ अडकलेली पत्रं

“आधी शिक्को बघूचो, बाय. भितर काय बरयलां तां मागीर.”

काका हे म्हणत तेव्हा त्यांचं बोट माझ्या संगणकाच्या पडद्यावर, मेल पाठवणाऱ्याच्या नावावर टेकलेलं असे. त्या बोटाचा डाग मी रोज पुसायची. गोव्यातल्या पेडण्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. मी मूळची गडहिंग्लजची, त्यामुळे काकांची भाषा नीट कळायलाच मला वर्ष लागलं. ते निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं सायकलवरून याच तालुक्यात पत्रं वाटलेली. पत्र हातात आलं की आधी टपालाचा शिक्का बघायचा, ते कुठून निघालं ते तिथे कळतं, आत काय लिहिलंय ते नंतर, ही जुनी सवय त्यांनी मेललाही लावली होती.

रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते तुये गावाहून बसने यायचे, आपली मेलपेटी उघडायला. मुलगा बोटीवर नोकरीला. जाताना त्यानेच हा मेलचा पत्ता काढून दिला होता. पुढे घर विकण्यावरून दोघांचं फोनवर वाजलं, मुलाने नंबर बदलला आणि बापलेकांत तेवढा एक पत्ता उरला. चार वर्षांत मुलाचं काही आलं नव्हतं. यायचे ते बिलाचे खोटे मेल. अमुक सेवेची वर्गणी थकली, आजच कार्ड भरा, नाहीतर बंद करू. ते वाचून वाचून काका असे तयार झाले होते की खोटा मेल ओळखण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

एकदा शाळेतल्या एक बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मालिका बघायची त्यांची वर्गणी आज संपणार, असा मेल आला होता. काकांनी चष्मा चढवला.

“बाई, हातूंत तुमचां नाव खंय आसा?”

नाव नव्हतं. नुसतं ‘प्रिय ग्राहक’ होतं.

“तुमचां नाव ताका ठावक नाय, आनी बिल ठावक?”

मग त्यांनी मला नावामागचा पूर्ण पत्ता उघडायला लावला. पुढे कंपनीचं झोकदार नाव, मागे कसल्यातरी अक्षरांचं शेपूट. मेलमधल्या निळ्या लिंकला त्यांनी बाईंना बोट लावू दिलं नाही. फोनवरचं ॲप त्यांचं त्यांनाच उघडायला सांगितलं. वर्गणी भरलेलीच होती. दुसऱ्या दिवशी बाई भजी घेऊन आल्या. “पोस्टमनान कोणाकडसून कायय घेवचां नाय,” काका म्हणाले, आणि दोन खाल्ली.

असा माणूस फसेल असं तुम्हाला वाटलं असतं का? मलाही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी शाई आणायला समोरच्या दुकानात गेले होते. परत आले तर काका हातातल्या फोनकडे बघत बसलेले. बँकेचा निरोप आला होता, पेन्शनचे जवळजवळ सगळे पैसे गेल्याचा. पडद्यावर मेल उघडाच होता: तुमच्या मेलपेटीची वर्गणी संपली आहे, तुमच्या नावे आलेली आठ पत्रं अडकून पडली आहेत, पैसे भरताच सोडली जातील. काकांनी कार्डाचा नंबर भरला होता, फोनवर आलेले आकडेही भरले होते.

मी बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, पेटीचा पासवर्ड बदलला. मग माझा तोल गेला.

“काका, जगाला शिकवता की तुम्ही! शिक्का बघितला नाही व्हय?”

“बघितलो. खोटो म्हणान कळलां माका.”

“मग?”

“आठ आसत म्हणता गो. पस्तीस वर्सां हांवें कोणाचां एक पत्र अडकून दवरूंक नाय.” पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “एक तरी झिलाचां आसतलां.”

झील म्हणजे मुलगा, ते मला कळलं; पण मी अजून रागात होते. म्हटलं, “काका, आठ नाहीत, एकही नाही. तुम्हाला कुणी लिहिलेलंच नाही.”

त्यांनी मान हलवली. पिशवी काखेत मारली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मला वाटलं, लाजले असतील, येतील आठवड्याने. मीही विचारपूस केली नाही. पावसाळा संपता संपता तुयेहून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने सांगितलं, काका गेले, झोपेतच. मुलाला कुणी कळवलं का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी त्यांना जे सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच मला टोचतं. मुलाचं पत्र आणणं माझ्या हातात नव्हतं. पण चार वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून एक माणूस रिकामी पेटी उघडत होता, आणि मी दिवसभर लोकांचे मेल लिहून देत होते. त्यांना दोन ओळी लिहाव्यात असं मला एकदाही सुचलं नाही. त्यांचा पत्ता मला पाठ होता.