बाबांची गाडी अडखळते

माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झाले, पण गाडी अजून रोज चालवतात. फक्त रुळांऐवजी आता आमच्या जेवणाच्या टेबलावर.

लॅपटॉपवर आगगाडी चालवायचा एक गेम असतो. माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, तो बाबांना लावून दिला आणि फार वर्षांपूर्वी भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आलेला हा इंजिन ड्रायव्हर पुन्हा ड्यूटीवर रुजू झाला. सकाळी अंघोळ, पूजा, मग सिग्नल. गाडी सुटायच्या आधी पाण्याची बाटली भरून घेतात. (माठ हाताच्या अंतरावर आहे, तरीही.)

बाबांचा अभिमान एकच. सगळ्या नोकरीत त्यांनी लाल सिग्नल कधी ओलांडला नाही. आणि नेमकं तेच टेबलावर रोज व्हायला लागलं. गाडी सुटायची झकास, पण थोड्या वेळाने चित्र अडखळायचं. पिवळा दिवा दिसतोय तोवर सगळं थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत गाडी लाल दिव्याच्या पुढे! ब्रेक दाबला तरी तो सावकाश, विचार करून लागायचा.

"रविवारी दुबेजी येताहेत," बाबा म्हणाले. "गाडी चालवून दाखवतो म्हणून सांगून बसलोय."

दुबेजी म्हणजे बाबांच्या गाड्यांवरचे जुने गार्ड. नोकरीत हे गाडीच्या पुढच्या टोकाला आणि ते मागच्या, त्यामुळे भांडणं लांबून व्हायची. निवृत्तीनंतर ती सोय राहिली नाही.

"रविवारपर्यंत दुरुस्त होईल," मी म्हणाले.

मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. घरात काही बिघडलं की आधी कागद घेते, क्रमांक घालते आणि एकेक काम उरकत खूण करते. गीझर, शेगडी, मुकुंदचं पोट, सगळं याच पद्धतीने दुरुस्त झालेलं आहे.

कामाला बसले. आधी लॅपटॉपचं कव्हर काढून, घडी घालून बाजूला ठेवलं. (हे कव्हर मीच शिवलेलं. भैरवगढच्या छापाचं कापड, तळाला कापसाचा जाड थर, म्हणजे टेबलाला ओरखडे नकोत. चार्जरसाठी काजसुद्धा केलेलं. स्क्रीन आणि बटणं तेवढी उघडी. आमच्याकडे फ्रिज, मिक्सर आणि गॅस सिलिंडरलाही याच कापडाचे कपडे आहेत.) मग नको त्या फायली काढल्या, आत उगाच चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले, राहिलेली अपडेट्स केली. गेम लावून पाहिला. गाडी सुरळीत धावली. मी खूण केली, लॅपटॉप पुसला, कव्हर चढवलं आणि बाबांच्या पुढे ठेवला.

बाबांनी सिग्नल ओलांडला.

दुसऱ्या दिवशी पुढचा क्रमांक. गेममधली चित्रं साधी केली की लॅपटॉपवरचा भार हलका होतो, असं वाचलं होतं. केली. झाडं गेली, ढग गेले, प्रवासी चौकोनी दिसायला लागले.

"हे स्टेशन आहे की वीटभट्टी?" बाबांनी विचारलं.

पण माझ्याकडे गाडी छान चालली होती. पुसला, कव्हर चढवलं, दिला. बाबांची गाडी वीटभट्टीवर न थांबताच निघून गेली.

लॅपटॉप हाताला फार गरम लागतो, असं मुकुंदने मध्येच सुचवून पाहिलं. मी त्याला खिडकीबाहेर बघायला सांगितलं. उज्जैनचा मे महिना. इथे नळाचं पाणीही चटका देतं.

शेवटी मी लॅपटॉप फ्रीगंजमधल्या एका दुकानात नेला. (दुकानात कुणाकुणाचे हात लागतात, म्हणून कव्हर घरी ठेवून.) दुकानदाराने बराच वेळ गाडी चालवली, मजा वाटली म्हणून आणखी थोडी चालवली आणि म्हणाला, "मॅडम, मशीन तो एकदम फर्स्ट क्लास है. घर में चलाता कौन है?"

या प्रश्नाचा विचार करत मी घरी आले आणि करू नये ते केलं. बाबांच्या हातात चहा देताना, जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "बाबा, लॅपटॉपमध्ये काही दोष नाही. वयानुसार हात जरा उशिरा पडत असेल."

बाबांनी कप खाली ठेवला. उजवा हात उघडून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चहा प्यायले. त्या संध्याकाळी ते लॅपटॉपकडे फिरकले नाहीत. दुबेजींना येऊ नका म्हणून कळवायला त्यांनी मुकुंदला सांगितलं, ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. पोळी तव्यावर करपली. माझी पोळी सहसा करपत नाही.

मुकुंदने कळवलं. पण दुबेजी नको म्हटल्यावर न येणाऱ्यांतले नव्हते. रविवारी सकाळी ते पोहे-जिलबीचे पुडे घेऊन दारात हजर. मग मी धुऊन इस्त्री केलेलं कव्हर लॅपटॉपला चढवलं. पाहुण्यांसमोर उघडा कसा ठेवायचा?

गाडी सुटली, धावली, अडखळली. प्लॅटफॉर्म आला आणि गेला.

"ड्रायवर साब," दुबेजी म्हणाले, "प्लॅटफॉर्म तो पीछे रह गया. सवारी क्या अब खेत में उतरेगी?"

बाबा हसले नाहीत. "हाथ नहीं रहा अब, दुबेजी."

दुबेजींचा चेहरा एकदम उतरला. आपला विनोद कुठे लागला हे कळून ते घाईघाईने जिलबी पुढे करायला गेले आणि पाकाची धार थेट माझ्या कव्हरवर! पाक वाळला की डाग पक्का. मी लॅपटॉपचं कव्हर ओरबाडून काढलं आणि मोरीत जाऊन घासत बसले. डाग चिवट होता. तो निघत आला तेवढ्यात बाहेरून लांबलचक शिटी आली आणि पाठोपाठ दुबेजींचा आवाज, "लगा दी! एकदम निशान पर लगा दी!"

साबणाच्या हातांनीच बाहेर आले. गाडी प्लॅटफॉर्मला अशी टेकून उभी होती की चौकोनी प्रवाशांनाही चढता यावं. बाबा मात्र स्क्रीनकडे बघत नव्हते. लॅपटॉपच्या बाजूला एक जाळी असते, तिच्यापुढे त्यांनी तळवा धरला होता.

"इथून गरम वारा येतोय, वर्षा."

ती जाळी मला चांगली माहीत होती. तिच्यातून धूळ आत जाईल म्हणून तिथे मी कापड दुहेरी लावलं होतं.

दुबेजींनी माझ्या हातातल्या ओल्या कव्हरकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "बहू, मई के महीने में इंजन को रजाई ओढ़ा रखी थी?"

"म्हणजे हात ठीक आहे," बाबा हळूच म्हणाले आणि त्यांनी पुढची गाडी लावली.

कव्हर वाया गेलं नाही. आता त्यात मी पोळ्यांचा डबा गुंडाळून ठेवते. सकाळच्या पोळ्या दुपारी उघडल्या तरी वाफ निघते. बाबा पहिली पोळी घेतात, हाताला चटका लागतो आणि रोज न चुकता, जमेल तेवढ्या गोड आवाजात मला विचारतात, "अजून गरम आहेत, वर्षा. वयानुसार असेल का?"