कल्ला नसलेलं पापलेट

ऐरोलीतल्या आमच्या लॅबखाली मासे विकणाऱ्या मावशींना सरांनी एकदा प्रयोगाला बसवलं. मी त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, डोळ्यांना व्हीआरचा चष्मा लावला. आभासी बाजारातली वस्तू ओळखली की बटण दाबायचं. मेंदूतल्या लहरी आम्ही टिपणार.

छत्री, मडकं, केळी भराभर झाली. पापलेट आलं आणि मावशी बटण सोडून, ताजं आहे का बघायला, हवेतच अंगठ्याने त्याचा कल्ला उघडायला लागल्या.

“आतून कल्लाच नाय. ह्यो मासा कसला?”

लहरी उसळल्या होत्या, पण सरांचं लक्ष बटणावर. त्यांनी शेरा मारला : ओळख पटली नाही.

खाली आल्यावर सरांनी ऐटीत मावशींच्या पाटीकडे बोट दाखवलं. “ही सुरमई कशी दिली?”

“बांगडा हाय तो,” म्हणत मावशी माझ्याकडे वळल्या. “ती टोपी आता ह्यांच्या डोक्यावर बसव.”