नुसतं नाव सांगा

कांबळे सरांची आणि माझी शेवटची भेट राजारामपुरीत झाली, एका खासगी क्लासच्या फलकासमोर. हातात भाजीची पिशवी घेऊन, मान वर करून ते फलक वाचत उभे होते. फलकावर एका शाळकरी धावपटू मुलीचे भले मोठे छायाचित्र होते आणि भोवती अक्षरांची आतषबाजी: सुवर्णकन्या, कोल्हापूरची शान, वाऱ्याची लेक. मला पाहताच, जणू कालचेच बोलणे पुढे चालू असावे तसे त्यांनी विचारले, "बाई, ह्या पोरीचं नाव कुठं हाय बघा बरं. विशेषणं तीन झाली. नाव काय सापडंना." आम्ही दोघांनी मिळून शोधले. नाव अगदी खालच्या कोपऱ्यात होते, क्लासच्या फोन नंबरापेक्षाही लहान अक्षरांत, आणि नेमकी त्याच्यासमोर एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारले, "काय पावणं, ॲडमिशन घ्यायचं हाय काय?" सर म्हणाले, "घेतलं असतं की. पण माझा फोटो लावायला एवढा मोठा बोर्ड कुठनं आणणार तुम्ही?" रिक्षा हलल्यावर त्यांनी त्या मुलीचे नाव आडनावासह मोठ्याने वाचले, समाधानाने मान डोलावली आणि ते आपल्या वाटेने गेले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी शाळेत प्रार्थना संपता संपता त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच हृदय थांबले होते... मी फोन खाली ठेवला आणि वर्गात जाऊन त्या दिवशीचा पाठ शिकवला, कारण दुसरे काय करावे हे मला सुचले नाही. आता काही आठवडे लोटले आहेत. सरांविषयी जे बोलले जात आहे त्यात त्यांच्या आवाजाचे कौतुक पुष्कळ आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आवाजाने एकदा स्वतःला कसे आवरले हे मी जवळून पाहिले. तेवढे नीट सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

अशोक कांबळे आमच्या शाळेत इतिहास शिकवत, मी गणित. आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा आली की आम्हा दोघांना मैदानाच्या कडेला एकच टेबल मिळे. मी वेळ आणि गोल नोंदवायचे. सर माईकवर सामन्याचे वर्णन करायचे. मूळचे ते पेठ वडगावचे. तिथल्या आंबेडकर जयंतीच्या मांडवात लहानपणी त्यांनी पहिल्यांदा माईक हातात धरला. हरवलेल्या मुलांची नावे पुकारता पुकारता आपल्याला बोलता येते हे आपल्याला कळले, असे ते सांगत. पुढे कोल्हापूरच्या मैदानांवर त्या आवाजाची चटक लोकांना लागली. आमच्या गावात फुटबॉलचे वेड किती, हे बाहेरच्या वाचकाला समजावणे कठीण आहे. इथे शाळेच्या सामन्यालाही दुकानाचे शटर अर्धे ओढून माणसे येतात, आणि चांगल्या खेळाडूची कीर्ती त्याच्या मिशीच्या आधी फुटते. अशा प्रेक्षकांपुढे सर उपमांचा पाऊस पाडत. एखाद्या बचावपटूला ते पन्हाळ्याची तटबंदी म्हणत, तर गोलरक्षकाला जकात नाका. लोक सामना बघत आणि सरांना ऐकत. यातले अधिक काय, हे सांगणे अवघड होते.

नववीच्या वर्गात कागलहून एसटीने येणारा ओंकार आमच्याकडे दाखल झाला. वडील साखर कारखान्यात कामाला, आई घरच्या दोन म्हशी सांभाळणारी. मुलगा अबोल, गणितात कच्चा. पण डाव्या पायाने चेंडू असा मारायचा की जाळीमागची माणसे मागे सरकत. पहिल्याच स्पर्धेत सरांनी माईकवरून त्याला नाव दिले, ‘कागलची तोफ’. ते नाव मैदानातून बाहेर पडले आणि मग कोणाच्याच हाती राहिले नाही. कागलच्या स्टँडवर त्याच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक लागला. ओंकारच्या मागे धूर, पायाशी खरीखुरी तोफ आणि वर ‘विषय हार्ड’. पेठांतल्या, स्वतःचे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमींची माणसे शाळेच्या फाटकाशी येऊन थांबू लागली. एकाने बूट दिले, दुसऱ्याने त्याहून भारी बूट दिले. ज्या क्लासची पायरी तो कधी चढला नव्हता, त्या क्लासने ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून त्याचे छायाचित्र छापले. शिक्षक-खोलीत सर हसून म्हणत, "बाई, आपल्या तोफेनं गणिताचा पेपर फोडला न्हाई म्हंजे मिळवली." त्या वेळी ओंकारला कोणी ओंकार म्हणत नव्हते. त्याच्या वर्गातली मुलेही नाही.

तो दहावीत असताना संघ अंतिम सामन्यात पोहोचला. सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर आला. शेवटची किक ओंकारची; ती जाळीत गेली तर करंडक आमचा. तो चेंडू घेऊन निघाला तेव्हा सरांच्या अंगात मैदान संचारले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आणि आता येत आहे कागलची तोफ! मंडळी... कान झाका!" हजारोंच्या त्या गर्दीने हसत हसत खरोखरच कान झाकले. म्हातारे, पोरे, चहावाला, पंचांच्या मागे उभे असलेले पाहुणे, सगळ्यांनी. चेंडू ठेवून ओंकारने वर पाहिले. मला त्याचा चेहरा टेबलावरून दिसत होता. चारी बाजूंना कानांवर हात ठेवून उभी असलेली माणसे तो पाहत राहिला. पंचांना दुसऱ्यांदा शिट्टी द्यावी लागली. चेंडू आडव्या खांबावरून कितीतरी वर गेला. क्षणभर सगळे तसेच कानांवर हात धरून उभे होते. मग कोणीतरी ओरडले, "तोफ भिजली रे!" आणि मैदान हसले.

पराभव मुले विसरतात. हे कोणी विसरू दिले नाही. कोणीतरी काढलेली त्या किकची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर गेली. ओंकार शाळेच्या फाटकातून आत आला की मुले कान झाकत. व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी, फळ्यासमोर उभा केला तरी मागून तेच. मी वर्गात दटावले तेव्हा हात खाली गेले, पण मान खाली घालून हसणे थांबले नाही. पंधरवड्यात तो शाळेत यायचा बंद झाला. बोर्डाची परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली होती. मी वर्गशिक्षिका. कागलला जायचे ठरवले तेव्हा सर म्हणाले, "मी येतो. तुमच्यापेक्षा माझं काम हाय तिथं."

आम्ही एसटीने गेलो. ओंकारच्या घरामागे म्हशींच्या वैरणीवर तो वाढदिवसाचा फलक ताडपत्रीसारखा अंथरला होता. धूर आणि तोफ उलटी झाली होती आणि कडेला विटा ठेवल्या होत्या. आईने चहा टाकला. "काय करावं सांगा बाई. बूट चुलीत घालतो म्हणालाय. बा कारखान्यावर घेऊन जातो म्हणालाय त्याला, शाळा नगं तर नगं." ओंकार उंबऱ्याशी बसला होता, आमच्याकडे पाठ करून. मी तयारीने गेले होते. अपयशातून कसे उभे राहावे याविषयी चार मुद्दे मनात मांडून ठेवले होते. सरांनी मला बोलूच दिले नाही. ते त्याच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले.

"ओंकार, कान झाका असं मी म्हणालो. ती चूक माझी. किक वर गेली ती तुझी. दोन्ही एकाच पोत्यात घालू नगंस."

तो म्हणाला, "सर, बसमधला कंडक्टर बी कान झाकतोय."

"मग आता मी काय करू? तू सांग."

"माझं नुसतं नाव सांगा." तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "मी काय केलं ते सांगा. तोफ म्हणू नका."

"आणि चुकलास तर?"

"तर चुकला म्हणून सांगा की. पण तेवढंच सांगा."

सरांनी चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली आणि त्याच्या आईला म्हणाले, "वहिनी, कारखाना कुठं जात न्हाई. मार्चपतुर पोरगं आम्हाला द्या." निघताना ओंकारला त्यांनी एवढेच विचारले की पुढच्या रविवारी मैत्रीचा सामना आहे, येणार का.

तो आला. संघाच्या बाकावर टोकाला, टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. सरांनी माईक हातात घेतला आणि गर्दी नेहमीच्या मेजवानीसाठी सावरून बसली. सर म्हणाले, "समीर, चार नंबर, चेंडू अडवला. पास आदित्यकडे." मग पुन्हा तसेच. नाव, नंबर, काय केले. दहा मिनिटांत प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. "ओ सर, बातम्या वाचालायसा व्हय?" एक ओरडला. दुसरा म्हणाला, "हवामानाचा अंदाज बी सांगा की मग!" सरांचे कान लाल झालेले मला दिसत होते. मैदानाला हसवण्याची ज्याला आयुष्यभराची सवय, त्याला मैदान हसत होते. उत्तरार्धात ओंकार मैदानात उतरला तेव्हा कुंपणाच्या बाजूच्या पोरांनी लगेच कान झाकले. थोड्या वेळाने त्याच्या डाव्या पायावर चेंडू आला. "ओंकार, सात नंबर, डाव्या पायाने फटका..." सरांचा आवाज जराही चढला नाही. "चेंडू खांबाच्या बाहेर. गोल नाही. चेंडू आता विरुद्ध गोलरक्षकाकडे. त्याची किक मध्यरेषेपर्यंत." खेळ पुढे गेला, त्याच्याबरोबर वर्णनही पुढे गेले, आणि कानांवर हात धरलेल्या पोरांना खाली काय चालले आहे ते ऐकू येईना. एकेकाचे हात खाली आले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ओंकारने त्या सामन्यात गोल केला नाही. सोमवारी तो शाळेत आला.

वाचकांना वाटेल की लोकांनी नंतर सरांच्या नव्या पद्धतीचे कौतुक केले असेल. तसे झाले नाही. मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या संयोजकांनी पुढच्या वर्षी त्यांना बोलावले नाही. "सर, आता पब्लिकला जाळ लागतो" असे तोंडावर सांगून एका तरुणाला माईक दिला. त्या स्पर्धेला सर तिकीट काढून गेले होते. प्रेक्षकांत बसल्या बसल्या त्यांचे ओठ हलताना मी पाहिले; आवाज नव्हता, पण प्रत्येक खेळाडूचे नाव ते घेत असावेत. वाईट वाटते का, असे मी विचारले. "वाटतं की," ते म्हणाले, "उपमा अजून सुचत्यात बाई. सुचली की जिभंखाली धरतो. पोरं सोळा वर्षांची असत्यात. आपण दिल्यालं नाव त्यांनी किती दिवस उचलायचं?" निवृत्त होईपर्यंत शालेय सामन्यांचे त्यांनी तसेच वर्णन केले. आमच्या शाळेच्या मुलांना त्याची इतकी सवय झाली की घरी गेल्यावर आईला सामना सांगताना तीही तसाच सांगत, हे मला पालकांकडून कळले. मीसुद्धा उत्तरपत्रिका देताना ‘हुशार’ म्हणणे हळूहळू सोडले. तिसरी पायरी बरोबर आहे, पाचवीत चिन्ह चुकले आहे, असे सांगू लागले. याबद्दल सरांचे आभार मी त्यांच्यापाशी कधी नीट मानले नाहीत. शिक्षक-खोलीत असे बोलायची पद्धत नसते.

सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पेठ वडगावला झाला. बुद्धवंदना झाली आणि मग श्रद्धांजलीची भाषणे सुरू झाली. मागे सरांचा फलक होता. बोलायला उठणारा प्रत्येक जण चांगल्या मनाने बोलत होता. आवाजाचा बादशहा, क्रीडाक्षेत्राचा आधारवड, कोल्हापूरची बुलंद ललकारी. सरांच्या पत्नी सुमनवहिनी पदर सावरून ऐकत होत्या. मला त्या शब्दांत सर सापडत नव्हते. मग मागच्या रांगेतून ओंकार उठला. तो आता पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या संघात मधल्या फळीत खेळतो आणि त्याचे कुठेही फलक नाहीत. त्याने माईक तोंडापासून जरा लांब धरला.

"कांबळे सर. आमच्या घरी कागलला आले. उंबऱ्यावर बसले. चूक माझी म्हणाले. चहा घेतला, कपबशी स्वतः आत ठेवली. मग मी शाळेत गेलो. एवढंच."

तो खाली बसला. यानंतरचे वक्ते सरांच्या गल्लीतले किराणा दुकानदार होते. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी उलगडला, त्यावर नजर फिरवली आणि तो पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "सर सुट्टीला गावाकडं आले की रविवारी माझ्या आईला पेपर वाचून दाखवायचे. आईला दिसत न्हाई. मधी थांबून तिला विचारायचे, कळलं का मावशी, का परत वाचू?"

इतकी वर्षे एका टेबलाशी बसूनही हे मला ठाऊक नव्हते.