काचोंचा श्वास

काचोंना काहीही विचारा, उत्तराआधी ते दातांच्या फटीतून हवा आत ओढायचे. "स्स्." झणझणीत मिसळीचा पहिला घास घेतल्यावर आपण करतो ना, अगदी तसं. फरक एवढाच, की काचो ते कोरा चहा पितानाही करायचे आणि साहेबांच्या साहेबांसमोरही. मी टोकियोच्या त्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा पहिले दोन दिवस मला वाटलं, बिचाऱ्यांची दाढ दुखतेय. तिसऱ्या दिवशी मी पर्समधून लवंग काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले आणि पेनांच्या पेल्याशेजारी ठेवून दिली. सहा वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हाही ती लवंग तिथेच होती.

काचो म्हणजे विभागप्रमुख. हे नाव नव्हे, हुद्दा. पण इकडे हुद्द्यानेच हाक मारतात. मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या, म्हणजे सुहासच्या नोकरीपायी टोकियोतल्या हिगाशी-कसाई वस्तीत आले, काही वर्षं कचऱ्याच्या पिशव्या वारांप्रमाणे लावण्यात तरबेज झाले आणि मग मला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. जपानी भाषा मी क्लासला जाऊन शिकले होते, पण तोंडावर 'नाही' न म्हणणाऱ्या माणसांची भाषा कुठल्या क्लासात शिकवतात? ती मी काचोंच्या श्वासावरून शिकले. आखूड स्स् म्हणजे हो. लांबलचक स्सऽऽऽ म्हणजे नाही. आणि लागोपाठ दोनदा म्हणजे वर विचारावं लागेल. गणपतीची रजा मागायला गेले की मी त्यांच्या तोंडाकडे नाही, दातांकडे बघायची. संध्याकाळी सुहास दारातच विचारायचा, "काय, आज आखूड की लांब?"

काचो इचिकावाला राहायचे. आमची लाइन एकच. मी कसाई स्टेशनवर आठव्या डब्यात चढायची, कारण उतरल्यावर समोरच जिना येतो. आणि तिथे तिसऱ्या दाराशी काचो आधीपासून उभे असायचे, हातात छत्री. लख्ख ऊन असो, आभाळात ढगाचा ठिपका नसो, छत्री हवीच. मला बघून ते मान तुकवायचे आणि नंतर वीस मिनिटं तोंडातून ब्र नाही. गाडीत बोलायचं नसतं इकडे. मी दगडाशीसुद्धा गप्पा मारणारी बाई, माझं काय होत असेल विचार करा! एकदा न राहवून मी हळूच विचारलं, "काचो, आज पाऊस आहे का?" त्यांनी खूप विचार केला, आखूड स्स् केलं आणि म्हणाले, "कुठेतरी असेल."

ऑफिसची मंडळी कधीमधी कराओकेला जायची. छोट्या खोलीत बसायचं, पडद्यावर शब्द येतात, आळीपाळीने गायचं. बाकीचे माइकसाठी झटापट करायचे आणि काचो आत शिरल्या शिरल्या भिंतीवरची खंजिरी काढून घ्यायचे. मग दोन तास ती खंजिरी. ताल असा पक्का की गाणाऱ्याचा चुकला तरी यांचा नाही. पण गाणं? छे! माइक पुढे केला की लांब स्सऽऽऽ.

एका वर्षी मी त्यांना आमच्या गणपतीला घरी बोलावलं. सुहासने त्यांच्या हातात झांज दिली आणि काय सांगू, दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी आरती त्यांच्या झांजेमागून चालायला लागली. मी ताट ओवाळता ओवाळता बघते तर काचोंचे ओठ हलतायत! एक शब्द येत नाही, आवाज नाही, पण ओठ आमच्या बरोबरीने उघडतायत, मिटतायत. नंतर मोदक वाढताना मी छेडलंच. तर म्हणाले, "चौथीत असताना समूहगानाची स्पर्धा होती. बाईंनी सांगितलं, तू फक्त ओठ हलव. तेव्हापासून सवयच झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या बाईंचा पत्ता द्या मला," मी म्हटलं.

"नाही, नाही, बाई फार चांगल्या होत्या," काचो घाईघाईने म्हणाले. "आमचा वर्ग पहिला आला."

आता माझ्या लेकीबद्दल सांगते, कारण गोष्ट तिच्याकडे जाते. रेवा तेव्हा पंधराची. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. एका रविवारी सकाळी मी थालीपिठं थापत होते आणि ती ओट्याशी फोनवर एक जुना अल्बम लावून बसली होती. नाव मराठीत सांगायचं तर 'उसने आवाज'. त्यातलं एकही गाणं माणसाने म्हटलेलं नाही. कॉम्प्युटरला सूर आणि शब्द भरून द्यायचे आणि त्याच्या आतल्या बनवलेल्या आवाजाने ते गायचे. रेवा जन्मली त्या सुमाराला वीसेक हौशी लोकांनी आपापल्या घरात बसून एकेक गाणं केलं, टोपणनावं लावली आणि ती एकत्र करून हौशी कलाकारांच्या जत्रेत एका टेबलावर विकली. पुढे तो अल्बम असा पसरला, की आज इकडची गाणी करणारी निम्मी तरुण पोरं म्हणतात, आम्ही तो ऐकून सुरुवात केली.

मला सुरुवातीला तो आवाज डब्यात मुंगी अडकल्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू? पण सातवं गाणं लागलं आणि माझा हात थांबला. गाडीत विसरलेल्या छत्रीचं गाणं होतं. छत्री शेवटच्या स्टेशनपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक स्टेशनावर दार उघडलं की म्हणते, मी इथेच आहे. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती मुलगी, म्हणजे ते यंत्र, श्वास घेतं. स्स्.

"अगं बाई! हे आमचे काचो!"

रेवा खो खो हसली. शक्यच नाही म्हणाली, जपानीतच. मग मला समजावून सांगितलं, की यंत्राला श्वास लागत नाही, तो बनवणाऱ्याने मुद्दाम घातलाय, आणि त्या एका श्वासावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. बनवणारा कोण, ते आजवर कुणाला ठाऊक नाही. त्याचं टोपणनाव 'आठवा डबा'.

छत्री, श्वास आणि वर आठवा डबा! हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण रेवाचा चेहरा उतरला होता. अल्बमची नवी आवृत्ती निघत होती आणि सगळ्यांच्या परवानग्या आल्या होत्या, फक्त आठव्या डब्याचा पत्ता नव्हता. मार्चअखेरपर्यंत त्याने संपर्क साधला नाही तर ते गाणं गाळावं लागेल, अशी जाहीर सूचना अल्बम काढणाऱ्या कंपनीने दिली होती. "माझं गाणं आहे ते," रेवा म्हणाली. सहावीत वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तेव्हा वर्षभर ती हेच ऐकायची, हे मला त्या दिवशी कळलं. मला तेव्हा फक्त तिचं बंद दार दिसायचं. आई असून मला जे जमलं नाही ते एका छत्रीने केलं होतं.

मग मी काय करावं? उचलली जीभ लावली टाळ्याला! सोमवारी दुधाच्या पावडरीचे पेढे करून ऑफिसला नेले, विभागाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "तोंड गोड करा! आपल्या काचोंनी एक फार मोठी गोष्ट केलीय आणि आपल्याला पत्ताच नाही!" आपल्याकडे कौतुक असंच करतात हो. चारचौघांत, दणदणीत. पण काचोंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ते ताडकन उभे राहिले आणि श्वास न घेता म्हणाले, "केरुकारु-सानची मुलगी वर्गात पहिली आली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरुकारु म्हणजे केळकर, म्हणजे मी. माझ्या मुलीचे गणिताचे मार्क त्या वेळी चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, पण मी मुकाट्याने अभिनंदनं घेतली.

त्यानंतर चार दिवस स्स् बंद. आखूड नाही, लांब नाही. काही विचारलं तर "मेल करा." सकाळी आठव्या डब्यात तिसऱ्या दाराशी कुणीच नसायचं. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. एका सरळ माणसाची पंधरा वर्षं जपलेली गोष्ट मी पेढ्यांच्या डब्यासारखी उघडून ठेवली होती.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला खुणेने ऑफिसमागच्या बाकावर बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "तुम्ही कशावरून ओळखलंत?" मी स्स् करून दाखवलं. त्यांनी हातातला भाताचा त्रिकोणी गोळा परत डब्यात ठेवला.

"बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून अंगावर गादी घेऊन तो श्वास रेकॉर्ड केला होता," ते म्हणाले. "गाणं मला जमत नाही, ते त्या यंत्रातल्या मुलीकडून करून घेतलं. पण ती दमतच नव्हती. न दमता गाणारं माणूस खोटं वाटतं. म्हणून माझा घातला."

"मग कळवा ना कंपनीला!"

"लोकांना वाटतं आठवा डबा कुणीतरी तरुण, देखणा असेल. आणि निघणार कोण? मी." त्यांनी स्वतःच्या विरळ केसांवरून हात फिरवला. "गाणं गेलं तर चालेल. ऐकणाऱ्यांचा हिरमोड नको."

आता मात्र माझा ताबा सुटला. "अहो, स्वतःची छत्री न्यायला लाजायचं कसलं? माझ्या पोरीला त्या गाण्याने अख्खं वर्ष तारलं, आणि तुम्ही ते पुसायला निघालात?"

काचोंनी श्वास घेतला. मग पुन्हा एकदा. दोनदा म्हणजे वर विचारावं लागेल. आता याबाबतीत वर कुणाला विचारणार होते, देव जाणे. जाताना एवढंच म्हणाले, "रेवा-चानला सांगू नका."

मार्चअखेरीलाच ते निवृत्त होऊन गावी, आओमोरीला, भावाच्या सफरचंदाच्या बागेत जाणार होते. मुदतीला तीन दिवस उरले असताना, शनिवारी, मी त्यांना निरोपाच्या जेवणाला बोलावलं. पुरणपोळ्या झाल्या. तीन पोळ्या खाऊन काचो मांडी घालून बसले आणि रेवानेच टूम काढली, की आता कराओकेला जाऊ या. मी जीभ दाताखाली धरून चालले होते. गप्प बसण्यासारखी शिक्षा नाही बघा मला.

स्टेशनजवळच्या खोलीत दुपारचं ऊन येत होतं. काचोंनी सवयीने खंजिरी उचलली. रेवाने यादीतून छत्रीचं गाणं काढलं. मी सुहासचा हात घट्ट धरला. पोरगी छान गात होती, काचोंची खंजिरी खाली मान घालून वाजत होती. पहिलं कडवं संपलं. मधलं संगीत सुरू झालं तशी खंजिरी थांबली. काचो उठले, कोपऱ्यातला दुसरा माइक घेतला, तोंडाजवळ नेला आणि दुसऱ्या कडव्याच्या बरोबर आधी, जागच्या जागी, श्वास घेतला.

स्स्.

रेवाचं तोंड उघडंच राहिलं. पडद्यावर शब्द पुढे सरकत होते आणि कुणी गात नव्हतं. "आई," ती म्हणाली, चक्क मराठीत, "आई, हे तेच आहेत गं."

काचो शिक्षा ऐकायला उभं राहिल्यासारखे उभे होते. "हिरमोड झाला ना?" त्यांनी विचारलं.

"थोडासा," माझी लेक म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "मला वाटलं होतं केस निळे असतील."

त्यावर काचो हसले. मोठ्याने, खोलीभर, अगदी बेसूर. सहा वर्षांत त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग रेवा कमरेत वाकली आणि म्हणाली, "ते गाणं जाऊ देऊ नका. तेवढं कळवा त्यांना. कळवाल ना?"

आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आला. आखूड. एवढासा.

"हो म्हणाले!" मी ओरडलेच.

काचो एप्रिलमध्ये गेले. आठव्या डब्यात तिसऱ्या दाराशी आता मी उभी राहते, आणि मीटिंगमध्ये कुणी अवघड काही विचारलं की माझ्याच दातांतून हवा आत जाते. पुण्याहून नवीन आलेल्या मुलीने परवा विचारलं, "मॅडम, दाढ दुखतेय का?"

शरद ऋतूत आओमोरीहून खोकं आलं. वर सफरचंदं, खाली नव्या आवृत्तीचा अल्बम. मी आधी सातव्या गाण्याची माहिती काढली. शब्द आणि संगीत: आठवा डबा. गायन: त्या यंत्राच्या आवाजाचं नाव. आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती. 'श्वास', आणि पुढे काचोंचं खरं नाव, आडनावासकट. इतकी वर्षं शेजारी बसून मला त्यांचं पहिलं नाव माहीत नव्हतं. चौथीत नुसते ओठ हलवलेल्या मुलाचं नाव गाणाऱ्यांच्या खाली छापून आलं होतं.

मी ते नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने.

"अगं, हळू," सुहास आतून म्हणाला, "भिंती पातळ आहेत, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की!" मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा वाचलं.