तात्पुरती ओळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका पाइप कारखान्यात प्रोग्रॅमर होते. पाइप ओढणाऱ्या मशीनमध्ये प्लास्टिक किती तापलंय, हे शेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता.

कधीकधी तापमानाचा आकडा अडकून बसायचा. कारण सापडेना, म्हणून मी पडद्याच्या तळाशी आणखी एक ओळ टाकली. मशीनकडून आलेला कच्चा आकडा, अंशांत बदलण्याआधीचा, तिथे सतत उमटायचा. ती ओळ चूक शोधण्यापुरती होती, माझ्यासाठी. मॉनिटरवर मी चिठ्ठीही चिकटवली: 'तपासणीची ओळ. कधीही बदलेल.'

मशीनवर दोंडाईच्याकडचे एक जुने कामगार होते. सगळे त्यांना आबा म्हणत. एकदा चहाच्या वेळी ते म्हणाले, "ताई, वरना आकडा मांगून हालस. खालनी ओळ पहिले सांगस."

ते खरं होतं. वरचा आकडा सरासरी काढून यायचा, म्हणून उशिरा बदलायचा. आबा खालची ओळ पाहून मशीन सांभाळू लागले. माल कमी जळू लागला. मॅनेजरांना हे कळल्यावर त्यांनी सगळ्या पाळ्यांना तसंच करायला सांगितलं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, त्या ओळीच्या भरवशावर काम करायचं असेल तर मला ती नीट बांधू द्या. अंशांत दाखवते, धोक्याची घंटाही बसवते. आत्ता ती कच्ची आहे."

"चालतंय ना? मग चालू द्या."

पुढच्या उन्हाळ्यात वीज खालीवर झाली आणि कॉम्प्युटरमधलं, मशीनकडून आकडे घेणारं कार्ड जळलं. पुण्याहून नवं आलं. त्याची मोजपट्टी वेगळी होती. तेवढ्याच उष्णतेला ते लहान आकडा द्यायचं. वरचं तापमान मी प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केलं. खालची ओळ काढून टाकते म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, "नको. लोकांना सवय झालीय, कामं अडतील. आकडे बदललेत हे मी सगळ्यांना सांगतो."

आबा तेव्हा गावी पुतणीच्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर ते थेट मशीनवर उभे राहिले. खालचा आकडा लहान दिसत होता, म्हणजे मशीन थंड पडतंय. वरचा ठीक होता, पण तो नेहमी मागूनच बदलतो, असं त्यांनी धरलं. त्यांनी उष्णता वाढवली. आतलं प्लास्टिक जळून वायू कोंडला. पाइप का येत नाही हे पाहायला ते मशीनच्या तोंडाशी वाकले, आणि तापलेला गोळा त्यांच्या तोंडावर उडाला.

मी पोहोचले तेव्हा शेडमध्ये घशाला झोंबणारा धूर होता. त्यांना दोघांनी धरून जीपमध्ये बसवलं. ते नुसते हात हवेत धरून बसले होते.

उजवा डोळा गेला. दवाखान्यात त्यांची बायको पदर तोंडाशी धरून कोपऱ्यात उभी होती. आबा एवढंच म्हणाले, "माले कोनी सांगं नही."

चौकशीत मी सगळं सांगितलं. माझं म्हणणं टाइप झालं, सही घेतली. निष्कर्ष निघाला: कामगाराचा निष्काळजीपणा.

त्यानंतर मॅनेजरांनी मला बोलावून हुकूम दिला की खालची ओळ आता कायमची, आणि आकडे जुन्या कार्डासारखेच दिसले पाहिजेत. म्हणजे नव्या कार्डाच्या आकड्यांना गुणून जुन्याचं सोंग द्यायचं. ज्या ओळीने मशीन जे सांगतंय तेच दाखवायचं, तिला आता आम्ही आकडे शिकवणार होतो. मी ते केलं आणि दिवाळीनंतर नोकरी सोडली.

शेवटच्या दिवशी आबा फाटकावर बसले होते. कारखान्याने त्यांना पहारेकऱ्याचं काम दिलं होतं. कोण आलंय ते पाहायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती.

"चालनी का, ताई?"

"हो, आबा."

त्यांनी उठून फाटक उघडलं.