पंचमीला कललेला फिश टँक

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला शिराळ्याजवळच्या आमच्या गावातून सांगलीच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा तिच्या म्हशी विकाव्या लागल्या. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. दिवसभर गॅलरीत बसायची आणि मी ऑफिसातून आलो की एकच पालुपद, "मला गावाला सोड." शेवटी तिनं निकालच देऊन टाकला. "नागपंचमी हितं करती. दुसऱ्या दिवशी सोड, ते कायमचंच." गावाकडं आता घरात कुणी नाही. तिथं ती एकटी कशी राहणार, या विचारानं माझी झोप उडाली होती.

"त्यांना सांभाळायला काहीतरी जिवंत हवंय," बायको म्हणाली. म्हैस काही तिसऱ्या मजल्यावर चढेना, म्हणून मी मासे आणले.

आईनं आधी नाक मुरडलं. "दूध न्हाई, शेन न्हाई, कशाला पाळायचं?" पण हळूहळू तिची खुर्ची गॅलरीतून हॉलमध्ये सरकली. एका केशरी माशाला ती 'खादाड' म्हणून शिव्या द्यायला लागली. शिव्या सुरू झाल्या म्हणजे माया जडली, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी गावाला जायचा हट्ट काही सुटेना. पिशवी भरून दाराशी ठेवलेलीच होती.

पंचमीच्या सकाळी दिंडांचं पुरण शिजत होतं आणि माझं लक्ष टँककडे गेलं. पाणी एका बाजूला काठाला टेकलं होतं, दुसऱ्या बाजूला चांगलं खाली होतं. पाणी कधी तिरकं होत नाही, म्हणजे टँकच कलला होता. मी तो कॉम्प्युटरच्या जुन्या टेबलावर ठेवला होता, दाबलेल्या भुशाच्या फळीचं टेबल. आणि आमच्याकडे श्रावणात फरशी पुसत नाहीत, धुतात. श्रावण लागल्यापासूनच्या चार दिवसांत आईनं बादल्या ओतून ओतून त्या टेबलाचे पाय पाण्यात ठेवले होते. फळी भिजून पावासारखी फुगली होती.

"आरं, त्या कोपऱ्याखाली लाकडाचा तुकडा सार की," आई म्हणाली. "बैलगाडीला न्हाई का आपन दगड लावत?"

"अगं, काच आहे ती! एकाच कोपऱ्याला रेटा बसला तर तडकेल. आणि पाणी, वाळू, काच मिळून वजन माझ्यापेक्षा जास्त आहे."

"मग लयच झालं," बायको आतून म्हणाली.

मी करवत आणि हातोडी काढली. फुगलेले पाय कापून खाली नवीन ठोकायचे, असा बेत होता. आई आडवी आली. "आज पंचमी हाय! चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, खिळा ठोकायचा न्हाई."

"मग मासे मरू देत?"

तिनं टँककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. "कापायचं न्हाई म्हनलं मी. उचलून ठेवायला कुनी नगं म्हनलंय?"

मग काय! पार्किंगमध्ये सिमेंटचे सबंध ठोकळे पडून होते, जिन्याखाली ओट्याची उरलेली जाड ग्रॅनाइट फरशी. शेजाऱ्यांना हाका मारल्या. पंप आणि दिव्याचे प्लग काढले. आई तांब्याची घागर घेऊन आली, तिला म्हटलं, तांबं माशांना विषासारखं, प्लॅस्टिकची बादली आण. टँकमधलंच पाणी बादलीत घेऊन त्यात मासे सोडले. टँक पुरता रिकामा केल्याशिवाय मी कुणाला हात लावू दिला नाही. ठोकळ्यांच्या तीन ओळी, जिथं हॉलच्या जमिनीला ढाळ होता तिथं ठोकळ्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या, वर ग्रॅनाइट, त्यावर थर्माकोल आणि मग टँक. एवढ्या खटाटोपात ना काही कापलं, ना ठोकलं. थोडं पाणी भरून दोन्हीकडून मोजलं, सारखं आलं, तेव्हा टँक भरून मासे परत सोडले. आई मात्र दुपारभर दर थोड्या वेळानं कोपऱ्यांवर वर्तमानपत्राचा कागद फिरवून ओल बघत होती. शेजाऱ्यांना तिनं तुपात बुडवून दिंडं खायला घातली आणि प्रत्येकाला खादाड दाखवला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता निघायचं?" तिनं गावातल्या मावशीला फोन लावला.

"उद्या न्हाई येत गं. माशांची जागा हाललीया, बुजल्यात बिचारी. त्यास्नी सोडून कशी येऊ? तूच ये की ऱ्हायला. हितं माज्या घरात जागा लय हाय."

माझ्या नाही, तिच्या घरात! मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोसमोर ढसाढसा रडलो.